अष्टमीला उजळलेल्या स्प्रिंगा

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिलच्या क्लचमधली स्प्रिंग कधी बदलायची, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. हसू नका. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये मी पार्ट्सचा काउंटर सांभाळते, माझा नवरा तिथलाच फोरमन आहे, आणि हा दिवस आम्ही दोघांनी चांगलं कडाकडा भांडून ठरवलेला आहे.

आता वाळवंटात बर्फाची गाडी कुठून आली, ते सांगायला हवं. आमचं मुख्य काम वाळूत पळणाऱ्या बगींचं. पण दुबईत एक मोठा बंद हॉल आहे, तिथं आत बाराही महिने बर्फ असतो. बाहेर अंगाची लाही होत असताना लोक भाड्याचं जाकीट घालून आत घसरायला जातात. कुणी पडलं, पाय मुरगळला, की त्याला उतारावरून खाली आणायला त्यांच्याकडे एकच स्नोमोबिल आहे, मागं स्लेज जोडलेली. बगीचा क्लच आणि हिचा क्लच एकाच पद्धतीचा, म्हणून ती दुरुस्तीला आमच्याकडे येते. पहिल्यांदा पिकअपमधून उतरवली तेव्हा तिला चाकांऐवजी असतो त्या रबरी पट्ट्यातून अजून पाणी ठिबकत होतं, आणि आजूबाजूच्या गॅरेजमधली माणसं काम टाकून बघायला आली होती.

ह्या क्लचला गिअर नसतात. दोन कप्प्या, मध्ये रबरी बेल्ट, आणि प्रत्येक कप्पीत एक जाड स्प्रिंग. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की पुढची कप्पी मिटून बेल्ट पकडायला बघते. स्प्रिंग म्हणते, थांब, एवढ्यात नाही. इंजिनाला पुरेसा जोर आला की मगच ती नमते, आणि गाडी निघते. स्प्रिंग थकली की भलत्याच वेळी नमायला लागते. मग गाडी जरासा ॲक्सिलरेटर दाबला तरी पुढं सरकते, चढावर मात्र दम टाकते. मागची थकली तर बेल्ट घसरतो, तापतो, जळका वास यायला लागतो. स्लेजवर कुणी कण्हत पडलेलं असताना हे व्हायला नको.

आणि गंमत अशी की स्प्रिंग मोडत नाही. मोडली असती तर प्रश्नच नव्हता, बदलून मोकळे. ती दिसते जशीच्या तशी. त्यामुळे 'चालतंय ना, मग कशाला हात लावता' हे आपलं ठरलेलं पालुपद सुरू होतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, दर सीझनच्या सुरुवातीला बदला. तिकडे थंड देशांत पहिला बर्फ पडायच्या आधी बदलत असतील. ह्या हॉलमध्ये हिवाळा सुरूही होत नाही आणि संपतही नाही, मग सीझन कुठला धरायचा? नवरा म्हणाला, जानेवारी धरू. मी म्हटलं, "अहो, जानेवारीत बगींचा धंदा जोरात, तुम्ही जेवण विसरता, स्प्रिंग काय लक्षात ठेवणार? खंडेनवमी धरा. हत्यारांची पूजा तुम्ही जन्मात विसरणार नाही." भांडण झालं, आणि शेवटी माझंच खरं झालं. तेव्हापासून अष्टमीला सकाळी गाडी येते, दोन्ही स्प्रिंगा बदलून संध्याकाळी परत जाते, आणि नवमीला आम्ही आतल्या स्टोअरमध्ये पाने-पक्कडी मांडून पूजा करतो. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, त्याचं काही नाही. पेढा खातो आणि "यल्ला, काम" म्हणतो, म्हणजे चला, कामाला लागा.

थकलेली स्प्रिंग आणि थकलेलं माणूस, असली तुलना मी करणार नाहीये. कुणी केली तर मला राग येतो. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी माझी सासू आमच्याकडे आली होती, सत्तरी ओलांडलेली, आणि तिच्या अंगात माझ्यापेक्षा जास्त जोर होता. तिचं दुखणं निराळं होतं.

मिरजेजवळच्या गावात सासू-सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. सासरे गेले, गिरणी विकली, आणि ती एकटी राहायला लागली. एकदा मोरीत पाय घसरून पडली. दूधवाल्यानं हाका मारल्या, आतून ओ आली नाही, म्हणून त्यानं शेजाऱ्यांना उठवलं, तेव्हा कुठं कळलं. फोन आला तेव्हा माझा नवरा बगीखाली झोपून काम करत होता. तो तसाच बराच वेळ खाली पडून राहिला. बाहेर आला तो म्हणाला, "आता तिला एकटं ठेवायचं नाही." आणि आम्ही तिला व्हिजिट व्हिसावर घेऊन आलो.

पण तिला कायमचं राहायचं नव्हतं. रेसिडेन्स व्हिसाची कागदपत्रं तयार होती, फक्त तिनं हो म्हणायचं बाकी होतं. नवरा रोज विषय काढायचा आणि ती रोज एकच सांगायची, "दसरा झाला की मला पाठवून दे बाबा. इथं माझा काय उपयोग?"

मला ती राहायला हवी होती. हे मी सून म्हणून सांगतेय, तरी खरं सांगतेय. लग्न झालं आणि आठवड्याभरात मी इकडे आले, त्यामुळे सासू म्हणजे मला फोनवरचा आवाज आणि वर्षातले सुट्टीचे दिवस, एवढंच माहीत. आता ती घरात होती तर संध्याकाळी दार उघडताना बरं वाटायचं. दिवा लागलेला असायचा. पण तिला काय वाटायचं? आम्ही सकाळी जायचो, आमची लेक, म्हणजे तिची नात, शाळेच्या बसनं शारजाला जायची, आणि ही बाई दिवसभर बाल्कनीत बसून समोरचं रिकामं पार्किंग बघायची. कामाला हात लावला की आम्ही तिघं तीन दिशांनी धावायचो. "आई, राहू दे." "आई, तुम्ही बसा हो." नात म्हणायची, "आजी, जस्ट रिलॅक्स ना!" भाजी आणायला नेली तर कोथिंबिरीच्या जुडीच्या दिरहमचे मनात रुपये करायची आणि जुडी हळूच परत ठेवायची. आणि आम्ही काहीही केलं, कसंही केलं, तरी म्हणायची, "छान आहे."

'छान आहे' म्हणणाऱ्या माणसापुढं काय करायचं असतं, मला कळत नाही. माझ्या माहेरी सगळे फाटक्या तोंडाचे.

तर त्या अष्टमीला मी तिला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. म्हटलं, घरी बसून काय करणार, उद्याच्या पूजेची तयारी बघा. ती आली, आणि आल्याआल्या तिचा चेहराच पालटला. ग्रीसचा वास, टायरचा वास, कुठंतरी कंप्रेसर धडधडतोय. उभ्या-उभ्या चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे की हे. घरापेक्षा बरं आहे."

सकाळी नवऱ्यानं गाडीचा क्लच खोलला, जुन्या स्प्रिंगा काढून ट्रेमध्ये ठेवल्या. शेजारी मी नव्या आणून ठेवल्या. बगींच्याही बदलायच्या होत्या, त्याही त्याच ट्रेमध्ये. दिसायला ह्या सगळ्या जवळजवळ सारख्या. कुठली किती कडक, कुठली कुणाची, हे कळतं ते फक्त तिच्यावर मारलेल्या रंगाच्या पट्ट्यावरून. एक निळी, एक पिवळी, एक हिरवी-पांढरी, असं. रंग आहे तोवर माझ्यासारखीला डोळे झाकून काम. मग आम्ही दोघं पुढं काउंटरवर डबा खायला बसलो. आईंनी सांगितलं, मी आधीच जेवले, तुमचं चालू द्या.

जेवून हात पुसत आत गेलो. आई स्टोअरच्या दाराशी बसक्या स्टुलावर बसली होती. पुढं थिनरचा डबा, तारेची घासणी, मीठ आणि चिंच. चिंच तिनं घरून पदराला बांधून आणली होती, विचार करा! सगळे पाने उजळलेले, पक्कडी उजळलेल्या, हातोडीचं तोंड आरशागत. आणि मधोमध स्टीलच्या ताटात नारळाभोवती गोल मांडलेल्या सगळ्या स्प्रिंगा. लख्ख. एकीवरही रंगाचा ठिपका नाही. शिवाय गंज धरू नये म्हणून वरून खोबरेल तेलाचा हात.

"रंग लागला होता कसलाकसला," ती म्हणाली. "थिनरनं लगेच निघाला. गिरणीत दर वर्षी मीच घासायची सगळं. लोखंड उजळल्याशिवाय पूजेला ठेवू नये." आणि आमच्याकडे बघून हसली. ती आल्यापासून पहिल्यांदा मी तिला तसं हसताना बघितलं.

मी एक स्प्रिंग उचलून फिरवून बघितली. जुनी कुठली, नवी कुठली, गाडीची कुठली, बगीची कुठली, काही म्हणता काही कळायला मार्ग नव्हता. त्यात तेल! ह्या क्लचमध्ये तेलाचं बोट जरी लागलं तरी बेल्ट घसरतो, तो कोरडाच ठेवायचा असतो. नवीन मागवाव्यात तर त्या समुद्रापलीकडून येणार, आणि संध्याकाळी गाडी न्यायला पिकअप येणार. गाडी गेली नाही तर उद्या हॉलचा उतार बंद, घसरायला आलेली पोरं दारातून परत.

मी नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस वर्कशॉपमध्ये एक बोल्ट खाली पडला तरी सगळ्यांची खानदानं काढतो. तो आईसमोर वाकला आणि मधाळ आवाजात म्हणाला, "छान झालंय आई. दमलीस तू. आता तिकडे पंख्याखाली बस."

ती जाऊन बसली. आम्ही ताट उचललं आणि रॅकच्या मागं गेलो. कुजबुजत, खुणा करत. उपाय होता, नव्हता असं नाही. पुस्तकात प्रत्येक स्प्रिंगचा जोर दिलेला असतो, म्हणजे अमुक एवढी दाबली की तिनं किती वजन पेलायला हवं. खाली आमचा वजनकाटा ठेवायचा, वर हातानं फिरवायचा प्रेस, आणि एकेक स्प्रिंग दाबून बघायची. नवी पूर्ण भरेल, थकलेली कमी भरेल. वेळखाऊ काम, पण होण्यासारखं. त्याआधी प्रत्येकीचं तेल स्प्रे मारून पुसून काढायला हवं. हात हवे होते, आणि आम्ही चोरासारखे कुजबुजत बसलो होतो, कारण पंख्याखाली बसलेल्या बाईला कळू द्यायचं नव्हतं.

त्यात नात शाळेतून परस्पर वर्कशॉपमध्ये आली. तिनं ताटात डोकावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ माय गॉड, कलर कोड्स कुठे गेले? आजी डिड धिस?"

"हळू!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

आई उठून रॅकपाशी आली होती. इंग्रजी तिला येत नाही, पण माणसांचे चेहरे वाचता येतात. ताटाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "मी काही घोळ घातला का?"

"छे छे!" नवरा म्हणाला. "आम्ही रोजचं चेकिंग करतोय."

"तो रंग हवा होता का?"

"नाही गं, कुठं काय. तू बस ना आई."

ती बसली नाही. पदर हातात धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "परवा दसरा. त्यानंतरचं पहिलं जे विमान मिळेल, त्याचं माझं तिकीट काढ. माझ्यामुळं तुमच्या कामाचा खोळंबा व्हायला नको." आणि नवऱ्याची मान खाली गेली. मला कळलं की आता हा उद्या तिकीट काढणार, आणि ती त्या घरात परत एकटी जाणार, त्या मोरीत.

माझं डोकं फिरलं. कशावर फिरलं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. पण तोंड उघडलं ते उघडलं.

"तिकीट कसलं काढताय! घोळ घातलाय, चांगला मोठा घातलाय! तो रंग म्हणजे नाव होतं प्रत्येकीचं, ते सगळं तुम्ही पुसून टाकलंत. वर तेल चोपडलंत! विचारायचं नाही एका शब्दानं? आम्ही काय मेलो होतो काय काउंटरवर? आणि आता निघाल्या विमानानं! करून ठेवलंय ते कोण निस्तरणार? संध्याकाळी गाडी जायचीय. पदर खोचा, हे फडकं घ्या, आणि एकेक स्प्रिंग कोरडी करून द्या मला. तेलाचा वास जरी आला तरी परत करायला लावीन!"

कंप्रेसर नेमका तेव्हाच बंद पडला. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या आईवर हात उगारलाय. नातीचं तोंड उघडं. मी मनात म्हणत होते, झालं, आटोपलं, आता आजचंच विमान.

आईनं पदर कमरेला खोचला. "फडकं दे," ती म्हणाली. "आणि हे नको, हे आधीच तेलकट आहे. कोरडं दे."

मग काय विचारता! मी स्प्रे मारायची, ती पुसायची, नाकाला लावून वास घ्यायची, पुढं सरकवायची. नवरा प्रेस फिरवायचा, नात काट्यावरचा आकडा ओरडायची, इंग्रजीतच. एकदा मी घाईनं एक स्प्रिंग तशीच पुढं सरकवली तर आईनं मनगटावर चापट मारून ती परत घेतली. "आतल्या बाजूला राहिलंय. मला एवढं बोललीस, आता स्वतः बघ जरा." शेवटी ताटात दोन ढीग झाले, भरलेल्यांचा आणि थकलेल्यांचा. भरलेल्यांतून त्या गाडीच्या दोन बाजूला निघाल्या. नवऱ्यानं त्या बसवल्या, गाडीची मागची बाजू स्टँडवर उचलली आणि इंजिन चालू केलं. आवाज हळूहळू चढवत नेला. पट्टा हलेना. आम्ही चौघंही वाकून बघत होतो. आणि इंजिनाच्या वेगाचा काटा जिथं यायला हवा बरोबर तिथं आला, तेव्हाच पट्ट्यानं झटका घेतला आणि फिरायला लागला.

"बसली," नवरा म्हणाला. पिकअपवाला बाहेर हॉर्न वाजवतच होता.

आमच्या गाडीनं घरी निघालो. आई आणि मी मागं, नात पुढं कानांत इअरफोनचे बोळे घालून. बाहेर खाडीचं पाणी आणि दिवे लागायला सुरुवात. रागाचा भर ओसरला होता आणि मला रडू येईल की काय असं झालं होतं. सासूला एवढं बोललेली सून अख्ख्या मिरज तालुक्यात सापडली नसती. माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"तुझ्या आमटीत डाळ वेगळी आणि पाणी वेगळं असतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"फोडणी करपवतेस. आणि गूळ इतका घालतेस की आमटी आहे का काकवी, कळत नाही. आल्या दिवसापासून गिळतेय मी मुकाट्यानं."

"मग बोलायचं नाही का इतके दिवस?" माझा आवाज परत चढला.

"पाहुण्यानं कसं बोलावं?" ती म्हणाली. "पाहुण्यानं छान म्हणावं आणि उठावं. उद्यापासून आमटीला हात लावू नकोस. मी करणार."

नवऱ्यानं आरशातून मागं बघितलं. अगदी जपून, जसा तो क्लचचा शेवटचा बोल्ट आवळतो तसा, त्यानं विचारलं, "उद्यापासून म्हणजे... किती दिवस, आई?"

"किती दिवस म्हणजे काय? तुझ्या बायकोला नीट जमेपर्यंत."

मी तोंड खिडकीकडे केलं आणि खूप रडले. ती थिनरचा वास येणारा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून बसली.

ह्याला आता तीन वर्षं होतील. तिचा व्हिसा एकदा रिन्यूसुद्धा झाला. आमटी मला अजून जमलेली नाही, आणि मी काही मूर्ख नाही ती जमवायला.